गणित सोडणाऱ्यांचें गणित

दहावीची परीक्षा आटोपली कीं पुष्कळ घरांतून सुटकेचा निःश्वास ऐकूं येतो. "आतां गणिताचा ससेमिरा चुकला," असें विद्यार्थी म्हणतो, आणि "त्याला कोठें इंजिनिअर व्हावयाचें आहे!" असें म्हणून आईबाप त्यास दुजोरा देतात. ज्यास कलाशाखेकडे जावयाचें आहे त्याची तर गोष्टच नको. पण ज्यास व्यापाराची विद्या शिकावयाची आहे तोहि शक्य तर गणित टाळावयास पाहतो. महाराष्ट्रांत उच्च माध्यमिक वाणिज्यशाखेंत गणिताऐवजीं सेक्रेटरिअल प्रॅक्टिस हा विषय घेण्याची मुभा विद्यार्थ्यांस मिळत आली आहे. तो विषय उपयुक्त आहे व त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु तो आवडला म्हणून घेणें निराळें, आणि गणिताचें भय वाटतें म्हणून घेणें निराळें. आमच्या वाचकांपुढें, व विशेषतः त्यांच्या आईबापांपुढें, आम्हांस एवढेंच मांडावयाचें आहे कीं, विद्यार्थी गणित सोडूं शकतो, पण गणित विद्यार्थ्यास सोडीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर ज्यानें तें सोडलें त्याच्या मागें तें अधिकच लागतें.

हें म्हणणें कित्येकांस विपरीत वाटेल. पण क्षणभर विचार करावा. इंजिनिअर जें गणित करतो तें त्याचे सोबती तपासतात, वरिष्ठ तपासतात, यंत्रहि तपासतें. उलट एखादा शिक्षक, एखादी परिचारिका, एखादा दुकानदार किंवा कारकून जेव्हां कर्जाच्या कागदावर सही करतो, विम्याचा हप्ता ठरवितो, मालावर किंमत घालतो किंवा मुलासाठीं कॉलेजची जाहिरात वाचतो, तेव्हां त्याचें गणित तपासणारा दुसरा कोणी नसतो. टेबलापलीकडे बसलेल्या मनुष्यास तें गणित उत्तम येत असतें. पण तें आपणांस समजावून देण्याबद्दल त्यास पगार मिळत नाहीं. तात्पर्य, ज्यानें गणित हा आपला धंदा केला नाहीं, त्यास तें स्वतःच्या रक्षणासाठीं तरी आलेंच पाहिजे.

वाणिज्य व इतर शाखांच्या विद्यार्थ्यांस कॉलेजांत जें व्यवहारगणित शिकवितात, त्यांत शेंकडेवारी, सरळव्याज व चक्रवाढव्याज, हप्तेबंदी, गुणोत्तर व प्रमाण, सरासरी, साधीं समीकरणें, आलेख व संभवनीयतेचीं मूलतत्त्वें हे विषय मुख्यतः येतात. ही यादी पाहून "हें तर आम्ही खालच्या इयत्तांतच केलें" असें विद्यार्थी म्हणतो आणि पुस्तक मिटतो. येथेंच त्याची फसगत होते. खालच्या इयत्तांत त्यानें रीत पाठ केलेली असते; रीत केव्हां लावावयाची व कशास लावावयाची याचा विचार त्यावेळीं झालेला नसतो. तो विचार हीच व्यवहारगणिताची खरी विद्या होय.

हें गणित हलक्या प्रतीचें आहे, अशीहि एक समजूत आहे. ती निराधार आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिक, पंचराशिक आणि मुद्दल व व्याज यांचे हिशेब आहेत. ज्या बुद्धीनें ग्रहांच्या गतीचा विचार केला, तिला सावकारी व्याजाचा हिशेब मांडण्यांत कमीपणा वाटला नाहीं. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथें इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिल्याचा उल्लेख त्यांत आहे. युरोपांत इ. स. १४९४ मध्यें लुका पाचिओली या फ्रान्सिस्कन संन्याशानें व्हेनिस येथें गणिताचा एक मोठा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. प्रत्येक रकमेची दोन बाजूंस नोंद करण्याची जी जमाखर्चाची पद्धति आज जगभर चालते, तिचें विवेचन त्याच ग्रंथांत आहे. हिशेबनीस आणि गणिती हे दोन निराळे प्राणी आहेत, असें या थोर पुरुषांस वाटत नव्हतें. तो भेद आपण मागाहून निर्माण केला.

मग या गणिताचें मर्म कशांत आहे? आमच्या मतें तें एका लहानशा प्रश्नांत आहे: शेंकडा खरे, पण कशाचे? टक्का हा परक्या पाहुण्यासारखा आहे. कोणाच्या घरचा हें विचारल्यावांचून त्यास आंत घेऊं नये.

एका दुकानदारानें १,००० रुपयांच्या वस्तूची किंमत शेंकडा २० नें वाढविली, व पुढें सणानिमित्त तिच्यावर शेंकडा २० सूट दिली. आतां किंमत किती झाली? वर्गांत हा प्रश्न घातला असतां "पहिल्याइतकीच" असें उत्तर पुष्कळदां येतें. वास्तविक वाढलेली किंमत १,२०० होते. सूट मिळते ती १,२०० वर, म्हणजे २४० रुपये. आणि उरतात ९६०. वीस तेच, परंतु पहिले वीस हजाराचे व दुसरे वीस बाराशेंचे. त्याचप्रमाणें "५० टक्के सूट व त्यावर आणखी २० टक्के" अशी पाटी वाचून ग्राहक मनांत ७० धरतो. पण १,००० चे ५०० होतात, आणि ५०० वर २० टक्के म्हणजे १०० रुपये सूट मिळून ४०० उरतात. म्हणजे एकंदर सूट ६० टक्केच. दुकानदार खोटें बोलला नाहीं; ग्राहकानें 'कशाचे?' हें विचारलें नाहीं.

करासंबंधींहि असेंच होतें. वस्तु व सेवा कर धरून १,१८० रुपयांचें बिल आहे व कराचा दर शेंकडा १८ आहे, तर मूळ किंमत किती? घाईचा विद्यार्थी १,१८० चे शेंकडा १८ काढून वजा करतो आणि ९६७ रुपये ६० पैसे असें उत्तर देतो. खरें उत्तर १,००० आहे. कारण कर मूळ किंमतीवर बसतो, बिलावर नव्हे. तसेंच ८० रुपयांस घेतलेली वस्तु १०० रुपयांस विकली, तर खरेदीवर नफा शेंकडा २५ आणि विक्रीवर नफा शेंकडा २०. दोन्ही उत्तरें खरीं आहेत. पण एक भागीदार पहिलें मनांत धरून बोलला आणि दुसऱ्यानें दुसरें मनांत धरून ऐकलें, तर त्यांचें भांडण ठरलेलें.

आतां याहून गंभीर गोष्टीकडे वळूं. एखाद्या गृहस्थानें १,२०,००० रुपयांचें कर्ज एका वर्षासाठीं घेतलें. दर शेंकडा १२ 'फ्लॅट' असें त्यास सांगण्यांत आलें. व्याज १४,४०० झालें; एकूण १,३४,४०० रुपये बारा सारख्या हप्त्यांनीं फेडावयाचे, म्हणजे दरमहा ११,२००. गृहस्थ समाधानानें घरीं जातो, कारण बारा टक्के हा दर त्यास वाजवी वाटतो. परंतु त्यानें विचारावयास हवें होतें कीं, बारा टक्के, पण कशाचे? सबंध १,२०,००० त्याच्याजवळ वर्षभर होते काय? नव्हते. पहिल्याच महिन्यापासून तो मुद्दल परत करूं लागला. दरमहा १०,००० मुद्दल फिटतें असें सोयीसाठीं धरलें, तर पहिल्या महिन्यांत त्याच्याजवळ १,२०,०००, दुसऱ्यांत १,१०,००० आणि शेवटच्या महिन्यांत अवघे १०,००० होते. या बारा रकमांची बेरीज ७,८०,००० येते, व सरासरी ६५,०००. म्हणजे वर्षभरांत सरासरीनें ६५,००० रुपये वापरून त्यानें १४,४०० रुपये व्याज दिलें. हा दर शेंकडा २२ च्या थोडा वरच जातो. हप्त्यांतील मुद्दल व व्याज यांची सूक्ष्म वांटणी करून काढला, तरी तो साडेएकवीसाच्या जवळ येतो. बारा कोठें आणि साडेएकवीस कोठें! आणि या हिशेबास बेरीज, भागाकार व एक सरळ प्रश्न यांपलीकडे कांहींएक लागलें नाहीं.

या बाबतींत सरकारी नियमांनींहि कर्जदाराचें साह्य केलें आहे. रिझर्व्ह बँकेनें २०२४ सालीं असें ठरविलें कीं, १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींस व सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांस जीं नवीं मुदतकर्जें दिलीं जातील, त्यांच्या अटींचें एक मुख्य पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेंत द्यावें, आणि सर्व आकार धरून पडणारा खरा वार्षिक दर त्यांत नमूद करावा. नियम उत्तम आहे. परंतु कागद देणें सरकारच्या हातीं आहे, तो वाचणें आपल्या हातीं आहे. पत्रकाची भाषा मराठी असली तरी त्यांतील आंकड्यांची भाषा ज्यास येत नाहीं, तो सहीची जागा तेवढी शोधतो.

आंकडे न वाचतां आल्यामुळें काय होतें, याचा अनुभव महाराष्ट्रास नवीन नाहीं. आपल्याकडे आजहि कित्येक ठिकाणीं व्याज 'शेंकडा दोन रुपये' असें बोलतात. हा दर महिन्याचा असतो हें बोलणारा पक्कें जाणतो. ऐकणारा कधीं कधीं विसरतो. व्याज न देतां तें मुद्दलांत मिळवीत गेल्यास रक्कम दुप्पट केव्हां होईल, हें काढण्याची एक सोपी रीत पाचिओलीच्या ग्रंथांतहि आहे: ७२ ला दरानें भागावें. दरमहा २ असेल तर ३६ महिने, म्हणजे तीन वर्षें. दरमहा ५ असेल तर चौदा महिन्यांच्या सुमारास एकाचे दोन होतात. ही वाढ किती भयंकर आहे हें जुन्या हिंदु धर्मशास्त्रकारांस ठाऊक होतें, म्हणूनच एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये, असा दामदुपटीचा नियम त्यांनीं घातला. तरीहि इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांचा सावकारांवरील राग भडकला व दंगे पसरले. कापसाचे उतरलेले भाव व वाढलेला शेतसारा अशीं त्याचीं इतर कारणें होतींच; परंतु दंगेखोरांचा मुख्य कटाक्ष कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्यास कागद वाचतां येत नाहीं, त्यास तो जाळण्यावांचून दुसरा उपाय सुचत नाहीं. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साह्यार्थ कायदा झाला, आणि कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला. जें काम त्यावेळीं न्यायाधीशांस करावें लागलें, तें आज शिकलेल्या प्रत्येक मुलास व मुलीस आपल्या घरीं करतां आलें पाहिजे, अशी आमची इच्छा आहे.

सरासरीचाहि असाच एक सापळा आहे, आणि तो सध्यां आईबापांसाठींच मांडलेला असतो. "आमच्या विद्यार्थ्यांचा सरासरी पगार ४०,०००" अशी एखाद्या संस्थेची जाहिरात आहे असें समजा. पांच विद्यार्थ्यांपैकीं चौघांस १०,००० व एकास १,६०,००० मिळाले, तरी सरासरी ४०,००० च येते. आणि ४०,००० मिळविणारा त्यांत एकहि नसतो. म्हणून सरासरी ऐकली कीं, पगार चढत्या क्रमानें मांडल्यास मधल्या विद्यार्थ्यास किती मिळतात, आणि एकंदर किती जणांचा हा हिशेब आहे, हे दोन प्रश्न अवश्य विचारावे.

'क्ष'चा संसारांत काय उपयोग, असें विचारणारेहि पुष्कळ आहेत. एखाद्या बाईस पापडांचा धंदा काढावयाचा आहे. जागेचें भाडें व यंत्राचा हप्ता मिळून दरमहा ९,००० रुपये पडतात. एका पुड्यास माल, मजुरी व वेष्टन मिळून ४५ रुपये लागतात व तो ६० रुपयांस विकतो. प्रत्येक पुड्यामागें १५ रुपये सुटतात. किती पुडे विकले म्हणजे ९,००० निघतील? ६००. हेंच तें समीकरण, व तेथें 'क्ष' म्हणजे ६०० पुडे. महिन्यास ४०० च पुडे खपतील अशी गांवाची स्थिति असेल, तर तो धंदा तोट्यांत जाणार हें भांडवल घालण्यापूर्वींच तिला कळतें. बीजगणितानें तिची पुंजी वांचविली; याहून अधिक उपयोग तो कोणता?

यावर असा आक्षेप येईल कीं, आतां प्रत्येकाच्या खिशांत गणकयंत्र आहे, मग एवढी यातायात कशाला? यंत्र उत्तर देतें, हें खरें. पण काय विचारावें हें तें आपणांस सांगत नाहीं. १,१८० चे शेंकडा १८ काढावयास सांगितले, तर तें २१२ रुपये ४० पैसे असें अचूक सांगेल. चूक यंत्राची नव्हे, विचारणाराची. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत असत. तीं सर्व आज पाठ करावीं असा आमचा आग्रह नाहीं. परंतु त्या पाठांतरानें उत्तराचा अदमास आधींच मनांत उभा राहत असे, आणि तो अदमास मात्र आजहि तितकाच आवश्यक आहे. ज्यास अदमास नाहीं, त्याचें बोट एकदां चुकलें कीं हजाराचे दहा हजार होतात व त्यास पत्ताहि लागत नाहीं.

तेव्हां अभ्यास कसा करावा, याविषयीं विद्यार्थ्यांस थोडें सांगतों. उदाहरण हातीं घेतलें कीं प्रथम तें आपल्या शब्दांत मोठ्यानें सांगावें. जें सांगतां येत नाहीं तें समजलेलेंच नसतें. मग उत्तर सुमारें किती यावें हें कागदाच्या कोपऱ्यांत लिहावें. प्रत्येक आंकड्यापुढें तो कशाचा, रुपयांचा कीं टक्क्यांचा, महिन्याचा कीं वर्षाचा, हें लिहिण्याचा आळस करूं नये. शेवटीं आलेलें उत्तर मूळ उदाहरणांत घालून उलट तपासावें. हीं चार कामें नियमानें करणारास गणितांत तल्लख बुद्धि नसली तरी चालते. चिकाटी व सावधपणा पुरे होतो. सूत्रें विसरलीं तर तीं पुस्तकांत पुन्हां सांपडतात. ही संवय मात्र कोणत्याहि पुस्तकांत सांपडत नाहीं.

आईबापांस आमची विनंति अशी कीं, घरांतील कागद मुलांपासून लपवूं नयेत. विजेचें बिल, बँकेचें पुस्तक, विम्याची पावती, कर्जाचें पत्रक यांहून चांगलें गणिताचें पुस्तक नाहीं. महिन्यांतून एक संध्याकाळ मुलांस जवळ बसवून तीं वाचावीं. आणि हें मुलींच्या बाबतींत तर विसरूंच नये. "तिला काय करावयाचा आहे हिशेब!" हें वाक्य आम्हीं फार ऐकिलें आहे. पुढें संसार ओढण्याची पाळी जिच्यावर एकटीवर येते, तिला त्या वाक्याची किंमत व्याजासह मोजावी लागते.

येथें एका जुन्या गोष्टीचें स्मरण होतें. अठराव्या शतकांत स्कॉटलंडमध्यें पाळकाच्या मृत्यूनंतर त्याचें कुटुंब पुष्कळदां निराधार होई. एडिंबरो येथील अलेक्झांडर वेब्स्टर व रॉबर्ट वॉलेस या दोन पाळकांनीं यावर उपाय योजिला. दरवर्षीं साधारणतः किती पाळक निवर्ततील, किती विधवा व पोरकीं मुलें मागें राहतील, त्यांस किती द्यावें लागेल, व त्यासाठीं प्रत्येकानें वर्षास किती वर्गणी भरावी, याचा त्यांनीं हिशेब मांडिला, आणि कॉलिन मॅकलॉरिन या गणिताच्या प्राध्यापकाचें त्यांत साह्य घेतलें. इ. स. १७४४ पासून तो निधि चालूं झाला व हिशेबाप्रमाणें वाढत गेला. वेब्स्टर व वॉलेस हे धंद्यानें गणिती नव्हते.  विधवांविषयीं दया त्यांच्यापूर्वींहि अनेकांच्या अंतःकरणांत होती. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या पुरेल अशी व्यवस्था झाली ती हिशेबामुळें.

म्हणून जे विद्यार्थी या वर्षीं शाळा सोडून वाणिज्य किंवा कलाशाखेकडे जात आहेत, त्यांस आमचें सांगणें आहे कीं, विषय निवडतांना भयास विचारूं नका. गणित घेतां आलें तर अवश्य घ्या. नच घेतलें, तरी एवढी प्रतिज्ञा करा कीं, व्याज, कर, सूट व सरासरी हीं ज्या कागदावर असतील त्या कागदावर तुमची सही हिशेब केल्यावांचून होणार नाहीं. आणि शेजारच्या एखाद्या निरक्षर म्हाताऱ्यानें आपला कागद तुमच्यापुढें धरला, तर त्याचाहि हिशेब करून द्या. त्यास तुमचे परीक्षेंतील गुण ठाऊक नसतात. तुम्ही शिकलेले आहां एवढेंच तो जाणतो, आणि त्या भरंवशावर तो आलेला असतो.